बाळाचे वजन आणि मतदानयंत्राचे बटण

बाळ जन्मले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा की मुलगी?’ डॉक्टरांचा आणि नर्सचा पहिला प्रश्न वेगळा असतो, ‘वजन किती भरले?’ काटा अडीच किलोच्या पुढे गेला की सगळे निश्चिंत होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ ‘कमी वजनाचे’ ठरते, आणि अशा बाळांना संसर्गाचा, श्वासाच्या त्रासाचा, पुढे वाढ खुंटण्याचा धोका जास्त असतो. वजन कमी का भरते, याची कारणे या पानाच्या वाचकांना पाठ असतील. आईचे अपुरे पोषण, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, गरोदरपणातील संसर्ग, दोन बाळंतपणांतील कमी अंतर आणि वेळेवर न झालेल्या तपासण्या ही त्यातली मुख्य.

या यादीत २०१५ मध्ये एका अर्थशास्त्रज्ञाने एक अनपेक्षित नाव जोडले, ते म्हणजे मतदानयंत्र.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील थॉमस फुजिवारा यांचा हा निबंध ‘इकॉनोमेट्रिका’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता ब्राझील. त्या देशाने कागदी मतपत्रिकेऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्र आणले, त्यानंतर सरकारांचा आरोग्यावरचा खर्च वाढला, कमी शिकलेल्या गरोदर स्त्रियांच्या तपासण्या वाढल्या आणि त्यांच्या पोटी कमी वजनाची बाळे जन्मण्याचे प्रमाण घटले, असा त्यांचा निष्कर्ष. ऐकताना वाटते, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. पण हा योगायोग का नाही, हे समजण्यासाठी यंत्र येण्यापूर्वीच्या ब्राझीलमधील मतदान केंद्रात जावे लागते.

ब्राझीलमध्ये राष्ट्रीय संसदेचे आणि राज्यांच्या विधानसभांचे प्रतिनिधी निवडताना आपल्यासारखे छोटे मतदारसंघ नसतात. संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ. एकट्या साओ पावलो राज्यातून संसदेवर ७० जण निवडून जातात आणि रिंगणात शेकडो उमेदवार असतात. एवढी नावे मतपत्रिकेवर छापणार कुठे? म्हणून कागदी मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष आणि राज्यपाल यांच्यासाठी नावे आणि चौकोन छापलेले असत, पण प्रतिनिधींसाठी असायची फक्त एक रिकामी ओळ. त्या ओळीवर मतदाराने आपल्या उमेदवाराचे नाव किंवा त्याचा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहायचा. (तिथला राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.)

ज्याला लिहिता येते त्याच्यासाठी हे दोन मिनिटांचे काम. पण १९९१ च्या जनगणनेत ब्राझीलमधील १५ वर्षांवरील सुमारे एक पंचमांश लोक निरक्षर नोंदले गेले होते. सहीपुरते अक्षर गिरवणारे आणखी वेगळेच. निरक्षरांना तिथे मतदानाचा हक्क मिळाला तोच मुळी १९८५ मध्ये. म्हणजे कायद्याने दार उघडले, आणि आत गेल्यावर हातात रिकामी ओळ असलेला कागद दिला. सूचना होत्या, त्याही लिहिलेल्या.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९९४ मध्ये संसदेच्या प्रतिनिधींसाठी पडलेल्या मतांपैकी सुमारे ४० टक्के मते कोरी किंवा बाद निघाली. यातली काही मते रागाने मुद्दाम कोरी टाकलेली होती. पण बरीचशी अशी होती की माणूस उन्हात रांगेत उभा राहिला, आत गेला, त्याच्या मनात उमेदवारही ठरलेला होता, आणि तरीही त्याचे मत मोजले गेले नाही. कुणाचे अक्षर लागले नाही, कुणी नाव चुकीच्या ओळीवर लिहिले, कुणी नुसतीच घडी घालून कागद पेटीत टाकला. त्याला हे कधी कळलेही नाही. मोजणी करणाऱ्याच्या हातात कागद आणि पेन असल्याने गैरप्रकारांनाही वाव होता. त्याच वर्षी रिओ द जानेरो राज्यातील प्रतिनिधींची निवडणूक याच कारणाने रद्द करून पुन्हा घ्यावी लागली होती.

१९९६ च्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा यंत्र आले. सुरुवात सर्व राज्यांच्या राजधान्या आणि मोठी शहरे मिळून ५७ ठिकाणी झाली. यंत्र दिसायला साधे. डावीकडे लहानसा पडदा, उजवीकडे आकड्यांची बटणे आणि त्याखाली तीन मोठी रंगीत बटणे. आकडे कसे मांडलेत तर १-२-३ वरच्या ओळीत, शून्य सगळ्यात खाली, म्हणजे टेलिफोनवर असतात तसे. नव्वदच्या दशकात ब्राझीलच्या रस्त्यारस्त्यांवर सार्वजनिक फोन होते. शाळेत न गेलेल्या माणसालाही फोन लावता येत होता, मुलाचा नंबर बोटाला पाठ होता. यंत्र बनवणाऱ्यांनी त्या बोटाच्या सवयीवर भरवसा टाकला.

तीन रंगीत बटणांत पांढरे बटण कोऱ्या मतासाठी. पोर्तुगीजमध्ये कोऱ्या मताला ‘पांढरे मत’च म्हणतात, त्यामुळे रंगच अर्थ सांगतो. नारिंगी बटण चूक दुरुस्त करण्यासाठी आणि हिरवे बटण पक्के करण्यासाठी. मतदाराने उमेदवाराचा क्रमांक दाबला की पडद्यावर उमेदवाराचे नाव, पक्ष आणि छायाचित्र उमटते. चेहरा ओळखीचा असेल तर हिरवे बटण. भलताच चेहरा आला तर नारिंगी, आणि पुन्हा पहिल्यापासून. आकड्यांच्या बटणांवर ब्रेल खुणा आहेत. शेवटचे मत पक्के झाले की यंत्रातून एक ठरावीक लांब किलबिल ऐकू येते, आणि बाहेर बसलेल्या कर्मचाऱ्यांनाही कळते की मतदान पूर्ण झाले.

या साध्या रचनेत मानसशास्त्रातली एक जुनी गोष्ट दडलेली आहे. एखादी गोष्ट आठवून सांगणे आणि समोर आल्यावर ओळखणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपे. वीस वर्षांनी भेटलेल्या शाळासोबत्याचे नाव जिभेवर येत नाही, पण चेहरा क्षणात ओळखता येतो. कागदी मतपत्रिका मतदाराला आठवायला आणि वर लिहायला लावत होती. यंत्राने ते काम ओळखण्यावर आणले. शिवाय त्याने दोन गोष्टी दिल्या, ज्या कागदाकडे नव्हत्या. एक म्हणजे मतदाराने काय केले याचे तात्काळ उत्तर, आणि दुसरी, चूक सुधारण्याची संधी. नवे यंत्र हाताळताना माणूस घाबरतो तो मुख्यतः ‘दाबले तर काय होईल आणि चुकले तर काय’ या दोन प्रश्नांनी. दोन्हींची उत्तरे यंत्रानेच दिली तर शिकवणाऱ्याचे काम निम्मे होते.

मतदारांना शिकवण्याची मोहीम अर्थातच झाली. लोकांनी बोटाने दाबून पाहावे म्हणून नमुना यंत्रे ठेवली गेली, दूरचित्रवाणीवर प्रात्यक्षिके दाखवली गेली. पण मोहिमेला शिकवायचे फार थोडे होते, हे तिच्या यशाचे खरे कारण.

आता फुजिवारा यांचे संशोधन. १९९८ च्या राष्ट्रीय आणि राज्य निवडणुकांपर्यंत सगळ्या देशाला पुरतील इतकी यंत्रे तयार नव्हती. मग निवडणूक यंत्रणेने एक रेषा आखली. ज्या नगरपालिका क्षेत्रात ४०,५०० पेक्षा जास्त नोंदणीकृत मतदार, तिथे यंत्र. त्याहून कमी तिथे जुनाच कागद. (काही राज्यांत सरसकट यंत्रे दिली गेली, ती वेगळी.) प्रशासनाने सोयीसाठी काढलेली ही रेषा संशोधकासाठी सोन्याची खाण ठरली. चाळीस हजार मतदारांचे गाव आणि एकेचाळीस हजारांचे गाव यांत तसा काय फरक असतो? गरिबी सारखी, शाळा सारख्या, दवाखानेही सारखेच. फरक एवढाच की एकाला यंत्र मिळाले, दुसऱ्याला नाही. औषधाच्या चाचणीत काही रुग्णांना खरी गोळी आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देतात, तशी ही आयती घडलेली चाचणी.

रेषेच्या दोन बाजूंची तुलना केल्यावर दिसले की यंत्र असलेल्या ठिकाणी मोजल्या गेलेल्या मतांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिकने जास्त आहे. मतदानाला येणाऱ्यांची संख्या वाढली नव्हती. तेच लोक येत होते, पण आता त्यांचे मत मोजले जात होते. ढोबळमानाने दर दहा मतदारांमागे एकाला नव्याने मतदार झाल्यासारखे म्हणायला हरकत नाही. हा दहावा माणूस कोण होता? कमी शिकलेला आणि गरीब, कारण परिणाम सर्वांत मोठा दिसला तो निरक्षरता जास्त असलेल्या भागांत. २००० पासून यंत्र देशभर गेले, आणि २००२ च्या निवडणुकीत कोरी आणि बाद मते १० टक्क्यांच्या आत आली. आठ वर्षांपूर्वी हेच प्रमाण ४० टक्के होते.

इथून बाळाच्या वजनापर्यंतचा रस्ता राजकारणातून जातो. ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेने सर्वांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा उभी केली. ऐपत असलेले तिथेही खासगी डॉक्टरकडे आणि खासगी विम्याकडे जातात. सरकारी दवाखान्यावर अवलंबून असतो तो गरीब. ज्याची मते बाद होतात त्याच्या दवाखान्याची चिंता कोणत्या उमेदवाराने करावी? ती मते मोजली जाऊ लागल्यावर हिशेब बदलला. फुजिवारा यांच्या अंदाजानुसार यंत्रामुळे राज्यांच्या एकूण खर्चातील आरोग्याचा वाटा ३.४ टक्के-अंकांनी वाढला. म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात आरोग्यासाठी जवळपास साडेतीन रुपये अधिक. आठ वर्षांच्या काळात आरोग्यखर्चात सुमारे एक तृतीयांश भर पडली.

पैसा खर्च झाला म्हणून आरोग्य सुधारले असे नव्हे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. ब्राझीलमध्ये प्रत्येक बाळाच्या जन्मनोंदीत आईचे शिक्षण, गरोदरपणात झालेल्या तपासण्या आणि बाळाचे वजन यांची नोंद होते. त्या नोंदींत दिसले की कमी शिकलेल्या मातांमध्ये सात किंवा त्याहून जास्त तपासण्या झालेल्यांचे प्रमाण ७ टक्के-अंकांनी वाढले आणि कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण अर्ध्या टक्के-अंकाने घटले. अर्धा अंक ऐकायला किरकोळ वाटतो. पण दर हजार बाळंतपणांमागे पाच बाळे अडीच किलोची रेषा ओलांडतात, असा त्याचा अर्थ. जन्मवजन ही फार चिवट गोष्ट आहे, आहार आणि औषधे यांचे मोठमोठे कार्यक्रम राबवूनही ती सहज हलत नाही.

यंत्राऐवजी त्या काळात घडलेल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीचा हा परिणाम नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर त्याच नोंदींत आहे. जास्त शिकलेल्या मातांमध्ये असा कोणताही बदल दिसला नाही. अर्थव्यवस्था सुधारली असती, हवा-पाणी बदलले असते किंवा नवे औषध आले असते तर थोडाफार फरक त्यांच्यातही दिसायला हवा होता. शिवाय प्रत्येक राज्यात बदल तेव्हाच दिसू लागला, जेव्हा तिथे यंत्र पोहोचले. एका संशोधनावर सगळी इमारत उभारू नये हे खरे, पण लोकशाहीतल्या एका तांत्रिक सुधारणेचा माग थेट पाळण्यापर्यंत काढणारी उदाहरणे फार थोडी आहेत.

म्हणून यंत्र आले आणि सगळे छान झाले, अशी ही गोष्ट नाही. सेझार झुको आणि जैरो निकोलाउ या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ब्राझीलच्याच यंत्रावर एक निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता की जुन्या चुका देऊन नव्या चुका घेतल्या का? त्यांनी बोट ठेवले ते पदांच्या क्रमावर. यंत्र आधी प्रतिनिधींचे मत विचारते आणि राष्ट्राध्यक्षाचे सर्वांत शेवटी. मतदाराच्या डोक्यात मात्र राष्ट्राध्यक्षच पहिला असतो, प्रचारभर त्याचेच नाव कानावर पडलेले असते. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा क्रमांक दोन आकडी, म्हणजे त्याच्या पक्षाचा क्रमांक. प्रतिनिधीच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडेही पक्षाचेच. मतदाराने नुसते दोन आकडे दाबून हिरवे बटण दाबले, तर ते मत कोणा उमेदवाराला न जाता पक्षाला जाते. ही सवलत चांगल्या हेतूने ठेवलेली, कारण उमेदवाराचा क्रमांक विसरला तरी मत वाया जाऊ नये. पण त्यामुळे आपण राष्ट्राध्यक्षाला मत देतो आहोत या समजुतीने अनेकांनी प्रतिनिधीच्या जागी पक्षाला मते दिली, असे या दोघांना आढळले. कागदावरची चूक बाद मत म्हणून निदान मोजता तरी येत होती. ही चूक वैध मतांत मिसळून गेली.

ब्राझीलने मतदाराच्या हातातून लेखणी काढून घेतली. फिलिपिन्सने लेखणी ठेवली, पण तिचे काम बदलले. तिथेही पूर्वी मतदार राष्ट्राध्यक्षापासून गावच्या नगरसेवकापर्यंत सर्वांची नावे हाताने लिहीत आणि मोजणीला दिवसच्या दिवस लागत. १० मे २०१० रोजी पहिल्यांदा देशभर यंत्राने मोजणी झाली. मतपत्रिकेवर आता सर्व उमेदवारांची नावे छापलेली होती, नावाशेजारी लंबगोल होता, तो पेनाने भरायचा आणि लांबलचक कागद यंत्राच्या तोंडाशी धरायचा. यंत्र तो आत ओढून वाचते. स्पर्धा परीक्षा दिलेल्या आपल्याकडच्या तरुणांना हे नवे नाही. उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करण्याचाच प्रकार.

पण परीक्षा देणारा तरुण सराव करून येतो, त्याची नजर तीक्ष्ण असते. मतदारांत सत्तरीचे आजोबाही असतात. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळसर पडते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मंद उजेडाच्या वर्गखोलीत बारीक अक्षरांच्या यादीतून नाव शोधणे आणि कापऱ्या हाताने छोटा लंबगोल नेमका भरणे त्याला सोपे नसते. फिलिपिन्समध्ये सिनेटसाठी १२ जण निवडायचे असतात. तेरावा लंबगोल चुकून भरला गेला की त्या पदासाठीची सगळीच मते रद्द, आणि खराब झालेल्या कागदाच्या बदल्यात दुसरा मिळत नाही. ब्राझीलच्या यंत्रावरचे नारिंगी बटण इथे नाही. त्या पहिल्या वर्षी अनेक मतदान केंद्रे एकत्र करून एका यंत्रावर हजारापर्यंत मतदार दिले गेले होते. रांगा तासन्‌तास चालल्या. मागे रांग उभी असताना माणूस सावकाश वाचत नाही.

लंबगोल किती भरला म्हणजे मत झाले? मतदारांना सांगितले गेले, पूर्ण भरा. यंत्राला मात्र कुठेतरी मर्यादा ठरवावीच लागते. २०१० मध्ये ती निम्म्यावर होती, २०१६ मध्ये पावावर आणली. हा तपशील कुणाच्या लक्षात आला नसता, पण २०१६ ची उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अटीतटीची झाली. लेनी रोब्रेदो या फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांच्याविरुद्ध सुमारे २ लाख ६३ हजार मतांनी जिंकल्या आणि प्रकरण फेरमोजणीपर्यंत गेले. तिथे न्यायाधिकरणाने आधी निम्म्याचा निकष धरला. म्हणजे यंत्राने मत म्हणून मोजलेले अर्धवट भरलेले लंबगोल माणसाच्या मोजणीत बाद ठरू लागले. वाद झाला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने पावाचाच निकष मान्य केला. थकलेल्या हातांनी अर्धवट भरलेल्या लंबगोलांवर देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदाचा वाद अडकला होता.

भारताने हा प्रश्न फार आधी आणि वेगळ्या वाटेने सोडवला होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. त्या पेट्या गेल्या, चिन्ह राहिले. १९८२ मध्ये केरळमधील परवूर मतदारसंघाच्या विधानसभा निवडणुकीत ५० केंद्रांवर पहिल्यांदा यंत्र वापरले गेले. कायद्यात तरतूद नसल्याने ती निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. कायदा बदलला आणि २००४ मध्ये संपूर्ण लोकसभा निवडणूक यंत्रांवर झाली. या सगळ्या प्रवासात मतदाराला शिकायचे होते ते फक्त ‘शिक्का मारण्याऐवजी चिन्हापुढचे निळे बटण दाबा’ एवढेच. चिठ्ठी दाखवणारे यंत्र जोडले गेल्यावर त्यात एकाची भर पडली. काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी पाहायची. अनेकजण बटण दाबून आवाज होताच वळतात, ती चिठ्ठी पाहतच नाहीत. आपल्या यंत्रावर दुरुस्तीचे बटण नाही, त्यामुळे दाबण्यापूर्वी चिन्हावर बोट ठेवून ओळ डोळ्यांनी तपासणे हीच काय ती दुरुस्ती.

महाराष्ट्रातल्या शहरी मतदाराला मात्र ब्राझीलच्या मतदाराचा गोंधळ चांगला समजेल. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत चार सदस्यांचे प्रभाग होते. विधानसभेला एक बटण दाबण्याची सवय असलेल्या हाताला अचानक चार बटणे दाबायची होती, प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. चारही मते झाल्याशिवाय यंत्राचा आवाज होत नाही. एक बटण दाबून बाहेर निघालेल्या आजींना ‘अहो, अजून तीन राहिलीत’ म्हणून परत वळवणारे कर्मचारी तेव्हा केंद्राकेंद्रावर दिसत होते. कुठल्या जागेसाठी कुणालाच मत द्यायचे नसेल, तरी ‘वरीलपैकी कोणीही नाही’चे बटण दाबावेच लागे. घरातल्या ज्येष्ठांना हे आधी समजावून सांगायचे असेल तर पत्रक वाचून दाखवण्याचा फारसा उपयोग होत नाही. कागदावर चार रंगांचे चार पट्टे काढून एकेकावर बोट ठेवायला लावले की दुसऱ्या खेपेला ते आपणहून चार मोजतात. हाताने एकदा केलेले हात विसरत नाही. दृष्टी अधू असेल तर चष्मा नेण्याची आठवण करावी. अंध आणि दुर्बल मतदाराला सोबत सज्ञान मदतनीस नेण्याची मुभा नियमातच आहे, आणि ती मागण्यात कमीपणा काही नाही.

ब्राझीलचे यंत्र आजही बदलते आहे. २०२२ च्या निवडणुकीत पडद्यावर खाणाखुणांच्या भाषेतून सांगणारी व्यक्ती आली. क्रमांक दाबल्यावर हिरवे बटण लगेच चालू न होता क्षणभर थांबते, मतदाराने चेहरा नीट पाहावा म्हणून. संसदेच्या प्रतिनिधीचे चार आकडे, विधानसभेच्या प्रतिनिधीचे पाच, सिनेटरचे तीन, राज्यपालाचे दोन आणि राष्ट्राध्यक्षाचे दोन, असे एकूण १६ आकडे त्या दिवशी मतदाराला दाबायचे होते, तेही ठरलेल्या क्रमाने. इतके आकडे एका दमात डोक्यात धरणे शिकलेल्या माणसालाही जमत नाही, आणि निवडणूक यंत्रणा तशी अपेक्षाही ठेवत नाही. तिने मतदारांसाठी एक छोटा तक्ता छापला. पदे यंत्राच्याच क्रमाने लिहिलेली आणि पुढे रिकामे चौकोन. घरी बसून, मुला-नातवंडांच्या मदतीने आकडे भरायचे. शाळेत कॉपीच्या चिठ्ठीला पोर्तुगीजमध्ये जो शब्द आहे तोच या तक्त्याला सगळे वापरतात, सरकारसुद्धा. मत देण्यापूर्वी मोबाइल कर्मचाऱ्यांकडे ठेवावा लागतो. ती चिठ्ठी मात्र खिशातून काढून यंत्राशेजारी उघडी ठेवता येते.